बाबांचा अडीच आट्यांचा वॉल

मी शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या घरी बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे दारातही चालत नाहीत. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मी त्याची वर्गात टिंगल केली असती. पण हे माझ्याच मोरीत घडलंय...

घर भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचं. त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी नळ आला. कनेक्शन एकच. पुढच्या भागात मी, मागे धाकटा भाऊ दिलीप. पुढे असल्यामुळे पाणी सगळं माझ्याकडेच ओढलं जायचं. बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले फिटर. त्यांनी माझ्या पाईपवर धार कमी-जास्त करायचा वॉल बसवला आणि दोन्ही नळांखाली एकेक पितळी गुंड ठेवला. दोन्ही गुंड एकदमच भरेपर्यंत ते वॉल फिरवत बसले. अडीच आटे आवळल्यावर जमलं! "पुढच्यानं थोडं दाबून घ्याव लागते, तवा मागच्याले भेटते," म्हणाले.

बाबा गेले आणि महिन्याभरात मी वॉल पूर्ण खोलला. दिलीपच्या नळाला करंगळीएवढी धार राहिली. त्यानं गुंड उचलून तिथे तांब्या लावला. मला वाटलं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं, तर माझी धार अर्धी. वॉल अडीच आट्यांवर! मी परत खोलला. रोज तेच. शेवटी वॉलवर लोखंडी पेटी बसवून कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. सकाळी पेटी उघडली... अडीच आटे.

मी अंगणातूनच ओरडलो, "चोरा, दुसरी किल्ली बनवली न तू?"

"मी हात बी नाही लावला, दादा."

"मंग का बाबा येऊन फिरवून राहिले?"

अख्खी गल्ली ऐकत होती. दिलीपची बायको भरलेली बादली तिथेच ठेवून आत गेली. आठवड्याभरात त्यानं भंडाऱ्याला खोली केली. जाताना स्वतःच्या हातानं आपल्या पाईपला डमी ठोकून त्याचं तोंड बंद करून गेला, म्हणाला, "घे, सगळं तुलेच."

आता सगळं पाणी माझंच होतं. तरी धार अर्धीच... वॉल अडीच आट्यांवर! वाटलं, दिलीपच रात्री येऊन फिरवून जात असेल.

प्लंबर बोलावला. त्यानं मेनपासून लाईन खोलून पाहिली, कचरा नाही, लिकेज नाही. वैतागून मी वॉलच काढायला लावला आणि तिथे सरळ पाईपचा तुकडा टाकला. फिरवायला काही उरलंच नाही. सकाळी गुंड लावला, घड्याळ घेऊन बसलो. बाबांच्या वेळी लागायचा तेवढाच वेळ लागला. शेजारच्या नळाला मात्र फोर्स जोरदार.

प्लंबर टोपी काढून म्हणाला, "गुरुजी, मले समजून नाही राहिलं."

मला मात्र एक गोष्ट समजली होती. दिलीपनं वॉलला कधीच हात लावला नव्हता. भर अंगणात मी सख्ख्या भावाला चोर म्हटलं, आणि तेही पाण्यासाठी. लाज वाटते लिहायला.

फोन केला.

"जयभीम दादा."

मी सगळं सांगितलं. वॉल काढला तेही सांगितलं. म्हणालो, "तू चोर नाहीस रे. घरी ये."

तो म्हणाला, "वॉल काढला म्हनून मी चोर नाही. वॉल असता तं आजबी चोरच असतो न, दादा?"

त्यानं फोन ठेवला.

याला वर्षं झाली. पाईप दोनदा बदलला, फरक नाही. वर्गात दाबाचा धडा आला की मी लवकर उरकतो. रोज सकाळी पाणी आलं की मी दोन गुंड मांडतो, एक माझ्या नळाखाली, एक मागच्या बंद नळाखाली. माझा तेवढ्याच वेळात भरतो. मागचा मी कोरडाच उचलून आणतो.