जानकीबाईची पंधरा दिवसांची रजा

मांजरसुंब्याजवळच्या वस्तीवरची जानकीबाई लग्न झाल्यापासून नवरा राधाकिशनबरोबर ऊस तोडते. गेली काही वर्षं ही जोडी अंबाजोगाईकडच्या एका खासगी कारखान्याच्या टोळीत आहे. तिशीही उलटली नव्हती तेव्हा तिचं ओटीपोट दुखायला लागलं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. टोळीतल्या दोघीतिघींनी अशाच दुखण्यापायी गर्भपिशवी काढून घेतली होती. एका खासगी डॉक्टरनं तिलाही तेच सांगून ऑपरेशनची तारीख दिली.

टोळीचा मुकादम आप्पाराव तिच्याच भावकीतला. माणूस वाईट नव्हता, पण काम चुकलं की खाडा, म्हणजे दंड, हा रिवाज मोडायची त्याची हिंमत नव्हती.

त्याच हंगामात कारखान्याची साखर घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं विचारणा केली, की आमच्या साखरेचा ऊस तोडणारी माणसं कशी राहतात? ते पाहायला कारखान्यानं वनमालाबाई नावाच्या एका समाजसेविकेला नेमलं. बाई कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, आल्या तेव्हा आप्पाराव शेजारीच उभा होता. सगळ्या बायकांनी बरं चाललंय म्हणून सांगितलं, जानकीबाईनंही. बाईंनी वही मिटली, पण त्या निघाल्या नाहीत. बायकांबरोबर पाण्याला गेल्या. वाटेत जानकीबाई पोट धरून खाली बसली आणि मग काहीच लपलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कारखान्याच्या जीपमधून तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली. पिशवी चांगली आहे, नुसता जंतुसंसर्ग आहे, गोळ्या घ्या आणि पंधरा दिवस जड उचलू नका, म्हणाल्या. जानकीबाईला आधी रडू आलं. मग पंधरा खाडे आठवून ती बोटांवर पैसे मोजायला लागली.

वनमालाबाई कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडं गेल्या. मजूर मुकादमाचे आहेत, कारखान्याचा त्यात संबंध येत नाही, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाईंनी जानकीबाईलाच समोर नेऊन बसवलं. खुर्चीच्या कडेला टेकून ती म्हणाली, "साहेब, आमी मुकादमाची माणसं आसू, पर ऊस तुमचा हाय. तुमच्याच कामात दुखणं आलं, तर इचारणार कोण?"

साहेबानं तिचं नाव समोरच्या कागदावर लिहून घेतलं. वर विचारतो, एवढंच बोलला. चार दिवसांनी हुकूम निघाला: डॉक्टरची चिठ्ठी असेल तर खाडा नाही. महिन्याभरानं पाण्याचा टँकर सुरू झाला, बायकांसाठी शौचालयं आली. एकाला दारच नव्हतं. त्यासाठी बाईंना तीनदा खेटे घालावे लागले.

जानकीबाई बरी झाली. हंगाम संपल्यावर तिनं वनमालाबाईंना वस्तीवर जेवायला बोलावलं, पाटावर बसवून खणानारळानं ओटी भरली. राधाकिशन सहसा बोलत नाही. त्या दिवशी तो हात जोडून म्हणाला, "बाई, तुमी आमचं घर राखलं."

बाई संकोचल्या. हे कारखान्याचं कामच होतं, उशिरा केलं, म्हणाल्या.

आता टोळीतली कुणीही बाई दुखणं घेऊन आधी जानकीबाईकडं येते. तिच्याबरोबर दवाखान्यात गेलेल्या चौघींपैकी एकीलाच ऑपरेशन लागलं. गेल्या पंधरवड्यात आप्पारावानं स्वतःच्या सुनेला, मंगलला, जानकीबाईच्याच सोबतीनं अंबाजोगाईला पाठवलं.