सात मिलिमीटर

बांधकामावर सगळे त्याला ‘वरचा’ म्हणायचे. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, दोनशे फुटांवर बसून त्याने सोळा वर्षं लोखंड उचललं. “वरच्याच्या मनात असेल तर आज काम उरकेल,” असं खालची माणसं हसून म्हणायची.

केबिनमध्ये पंखा होता, रेडिओ होता, संडास नव्हता. शिडीने उतरायला वीस मिनिटं, चढायला त्याहून जास्त. आतड्याला सूज आणणारा, वारंवार संडासला पळवणारा क्रोनचा आजार जडला, तेव्हा हीच गोष्ट त्याच्या मुळावर आली.

गोळ्यांनी दोन वर्षं बरी गेली. मग पोट पुन्हा कुरकुरू लागलं आणि त्याने गुपचूप स्वतःचा इलाज शोधला. कामाच्या दिवशी खायचंच नाही. दुखणं खरंच कमी झालं. पट्टा दोन भोकं आत गेला, तेव्हा बायकोला म्हणाला, “शिडी चढून चढून अंग आटलंय गं.”

तपासणीचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध आणि ती दुर्बिणीची नळी त्याने एकदा भोगली होती. पण रुग्णालयात नव्या डॉक्टर आल्या, त्या आतडं सोनोग्राफीवर बघायच्या. नळी नाही, भूल नाही. मग तो बायकोबरोबर निर्धास्त गेला. दुखत नाही, तर दिसणार काय?

डॉक्टरांनी पोटाला जेल लावून उजव्या बाजूला यंत्र दाबलं. मग पडदा त्याच्याकडे वळवला.

“ही आतड्याची भिंत. तीन मिलिमीटरच्या आत असावी लागते. तुमची सात आहे. हे लाल ठिपके म्हणजे तिथे रक्त धावतंय, सूज पेटलेली आहे. आणि इथे वाट अगदी अरुंद झालीय.”

“पण मला त्रास नाही हो.”

“जेवता काय दिवसभरात?”

त्याने छताकडे पाहिलं.

“रोज डबा नेतात,” बायको म्हणाली. “रिकामा आणतात.”

“खालून क्रेनला झेंडा दाखवणारा पोरगा आहे ना,” तो पुटपुटला, “त्याला देतो.”

बायकोने तोंडाला पदर लावला.

डॉक्टरांनी इंजेक्शनं लगेच सुरू करायला आणि क्रेनवरचं काम थांबवायला सांगितलं. त्याने दोन्हींसाठी दोन महिने मागून घेतले. शेवटचे चार मजले राहिले होते, आणि एकदा खाली उतरवलेल्या माणसाला परत वर कोण चढवतं?

तिसऱ्याच आठवड्यात, सळ्यांचा भारा हवेत असताना, पोटात सुरी फिरावी तशी कळ आली. त्याने भारा आधी जमिनीला टेकवला आणि मग रेडिओवर म्हणाला, “मला उतरवा.” दोर बांधून खाली आणायला दीड तास लागला. आतडं फुटलं होतं. शल्यचिकित्सकांनी फूटभर कापून काढलं आणि पोटावर शौचाची पिशवी लावली. सात महिन्यांनी पिशवी निघाली, पण उंचीवरच्या कामाचा दाखला पुन्हा मिळाला नाही. कंपनीने त्याला सामानाच्या गोदामात बसवलं.

आता रोज गोळ्या आणि दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी. परवाच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, “कसं वाटतंय?”

“छान वाटतंय. पण ते सोडा, तुम्ही बघा.”

त्यांनी पाहिलं. जिथे आतडं जोडलं होतं, तिथेच भिंत पुन्हा जाड होऊ लागली होती. पाच मिलिमीटर.

बायकोने त्याचा हात घट्ट धरला.

“इंजेक्शन आजच देता येईल?” त्याने विचारलं.

“आधी चालू गोळ्यांचा डोस वाढवू. कधीकधी तेवढ्याने शांत होतं.”

“आणि नाही झालं तर?”

डॉक्टरांनी त्याच्या पोटावरचं जेल पुसलं. “तर पुढचं बघू,” त्या म्हणाल्या, आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहून दिली.