झुरळांचा तिळगूळ

लहानपणी आमच्या घरात उंदीर नव्हते. उंदरांनाही स्वतःच्या पोटाचा विचार करावा लागतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गावात पत्र्याची एक खोली, आत तीन डबे. दोन रिकामे आणि तिसऱ्यात मीठ. एखादा नवखा उंदीर चुकून आत यायचा, तिन्ही डब्यांची पाहणी करायचा आणि मुक्काम शेजारच्या किराणा दुकानात हलवायचा. दादा, म्हणजे माझे वडील, आडतीत पोती उचलायचे. आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची. त्या खोलीतून मी बी.एस्सी. झालो, प्राणिशास्त्र घेऊन! आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी अभिमानाने सांगतो, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

पुढे बँकेत लागलो, बदली होऊन लखनऊला आलो, गोमती नगरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दादा गेल्यावर आई गावी एकटीच होती. तिने कायमचं आमच्याकडे राहावं, एवढंच माझं म्हणणं.

“येते,” आई म्हणाली. “पर वर्षभर बघते. नाही करमलं तर गुमान गावाकडं नेऊन सोड.”

परीक्षांची मला सवय होती. पण या परीक्षेचे पेपर सहा-सहा पायांचे निघतील, याची कल्पना नव्हती.

होळी झाली आणि आई आली. तिच्या पाठोपाठ डास आले. संध्याकाळी दार उघडलं की पाहुण्यांसारखे सरळ आत!

“एवढे डास कुठून आले रं?”

“आई, चावतात त्या फक्त माद्या असतात,” मी शास्त्र सांगितलं.

“मग सांग की त्यांना, घरात आधीच तीन बायका हायत म्हणून!” (आई, माझी बायको वैशाली आणि दहा वर्षांची गार्गी.)

मे महिन्यात लाल मुंग्या. मुंग्या वासाच्या मागावर चालतात, हे मला परीक्षेला आलं होतं. मी व्हिनेगर घेऊन ओटा पुसला, फडताळ पुसलं, साखरेचा डबा आतून-बाहेरून पुसला. मुंग्यांनी साखर सोडली. दुसऱ्या दिवशी चहा प्यायल्यावर आम्हीही सोडली. मुंग्या तोवर वळसा घालून माझ्या उशीत पोचल्या होत्या.

पावसाळ्यात दिव्याभोवती किड्यांची जत्रा. मी दिव्याखाली पाण्याची परात ठेवली. प्रतिबिंबाला भुलून किडे पाण्यात पडतात. त्या संध्याकाळी परातीत तीन किडे पडले आणि एक आई.

“गावाकडं असलं काही नव्हतं बाई,” पाय चोळत आई म्हणाली. (खरंच नव्हतं. दिवाच नव्हता.)

दिवाळीच्या आधी मात्र मी पक्का होतो. कोळ्याची जाळी काढायची नाहीत, असा मी घरात हुकूमच काढला. “कोळी हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात आणि तो कीटक खातो. म्हणजे फुकटचा नोकर!” फराळाला आमचे मॅनेजर साहेब आले. सोफ्यावरून उठताना कोपऱ्यातल्या जाळ्यात त्यांचं अख्खं तोंड गेलं. आई झाडू घेऊन बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, “तुझा नोकर साहेबाच्या मिशीला लोंबकळायलाय.”

डिसेंबरात उंदीर आला. (आता आमच्याकडे खायला असतं!) पिंजऱ्यात धरला, खाली पार्कात नेऊन सोडला. मी लिफ्टने वर आलो, तो पाइपने. माझ्या आधी पोचला.

आणि मग जानेवारीतली ती हाडं गोठवणारी थंडी. बाहेर धुकं, आत झुरळं. सगळी फ्रिजच्या मोटारीमागे शेकायला बसलेली. एका सकाळी आईने कानटोपी घातली, आणि कानटोपीतून एक झुरळ मिशा हलवत तिच्या कपाळावर उतरलं.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ते झटकलं, चपलेनं मारलं आणि म्हणाली, “संक्रांत झाली की मला गाडीत बसवून दे.”

“आई, अगं एका झुरळासाठी?”

“एक? मोज जाऊन फ्रिजमागं! तुला शिकवलं ते कशाला रं? तू शिकलास, पर झुरळ काही तुझं ऐकंना.”

हे मात्र मला झोंबलं. अहो, कॉलेजात मी झुरळाचं विच्छेदन केलेलं आहे! त्याची पचनसंस्था मला तोंडपाठ आहे! (मेलेल्या झुरळाची. जिवंत झुरळाचा अनुभव कमीच.) मी आईचं तिकीट काढलं, पण मनाशी ठरवलं की गाडी सुटायच्या आत घरात एक झुरळ ठेवायचं नाही. मग कशाला जाईल ती?

संक्रांतीच्याच दिवशी, रविवारी सकाळी कामाला लागलो. बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या तर कुणीही करतं. मी पदवीधर! साखरेऐवजी गूळ घातला, कारण वास लांबवर जातो. त्यात खमंग भाजलेले तीळ घातले, कारण वास आणखी लांब जातो. थोडी वेलचीही घातली. (का घातली, ते आजही सांगता येणार नाही.) एकवीस गोळ्या वळल्या, स्टीलच्या ताटात मांडल्या, फ्रिजवर वाळत ठेवल्या आणि हात धुऊन, जेवून ऊस-बोरं आणायला खाली गेलो. त्याच दुपारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं.

ताटात काय आहे ते मी कुणाला सांगितलं का? नाही. काम फत्ते झाल्यावर सांगणार होतो.

तासाभराने परत आलो. फ्रिजवर ताट नव्हतं. ताट आईच्या मांडीवर होतं, शेजारी हळदीकुंकवाची कुयरी होती आणि आईचा चेहरा फुललेला होता.

“तुझ्या वरच्या मजल्यावरच्या तिवारीणबाई येऊन गेल्या. लय वेळेच्या पक्क्या. पाच लाडू दिले बघ बांधून, सून-नातवंडांचं घर हाय. म्हणलं, तिळगूळ घ्या, गोड बोला.”

“कुठले लाडू?”

“हे काय. वैशालीनं ताटात काढून ठेवले होते ते.”

वैशाली आतून आली. “आत्याबाई, माझे लाडू तर अजून डब्यातच आहेत.”

तिघांनी ताटाकडे पाहिलं. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

“अहो,” वैशाली फार हळू म्हणाली, “काय आहे यात?”

मी सांगितलं. वेलचीपर्यंत सगळं सांगितलं.

तिवारींचं घर वरच्या मजल्यावर. लिफ्टची वाट बघायला धीर नव्हता. पुढे मी, मागे वैशाली, तिच्यामागे गार्गी आणि सगळ्यांत मागे नऊवारी खोचून आई! दार तिवारी आंटींनी उघडलं.

“आंटी, लड्डू कहाँ हैं?”

“अरे, अभी तो रखे हैं। बच्चे सो रहे हैं, उठेंगे तो देंगे। एक बस तिवारी जी को दिया, घुटनों के लिए। तिल गरम होता है न!”

तिवारी अंकल बाल्कनीत उन्हाला बसले होते. मफलर, मोजे, हातात अर्धा लाडू. उरलेला अर्धा कुठे होता ते त्यांच्या गालावरून दिसत होतं.

“अंकल, थूकिए!”

“क्यों भई?”

“थूकिए पहले!”

“अरे, लड्डू तो बढ़िया है। इलायची भी है। बस ज़रा सा कड़वा—”

“दादाजी, वो कॉकरोच वाला है!” गार्गीने एका वाक्यात प्रकरण उलगडलं.

अंकल थुंकले. बाल्कनीतून थेट खाली थुंकले. (खाली कोण होतं ते आम्ही मुद्दाम पाहिलं नाही.) आंटी रडायला लागल्या, आई त्यांच्या गळ्यात पडून मराठीत रडायला लागली आणि वैशालीने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, चूळ भरायला लावा, बाकी काही देऊ नका आणि ताबडतोब घेऊन या.

ई-रिक्षात अंकल, शेजारी आंटी, समोर मी, हातात नमुन्यासाठी उरलेले लाडू. वाटभर अंकल एकच विचारत होते, “मतलब, आपके यहाँ त्योहार में उनके लिए भी बनता है?”

डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबलं, लाडू फोडून हुंगला. फारसं पोटात गेलेलं नाही, घाबरण्यासारखं काही नाही, दोन तास बसवून ठेवतो आणि मग सोडतो, म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, “ये आपने बनाया? पढ़े-लिखे लगते हैं। क्या पढ़ाई की है?”

“जी, बैंक में हूँ,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी पदवी लपवली.

अंधार पडता पडता आम्ही अंकलना घरी पोचवलं. आंटींची हात जोडून माफी मागितली आणि मी चोरासारखा खाली आलो. आई सोफ्यावर माझी वाट बघत बसली होती. आता ही उद्याच निघणार, याबद्दल माझ्या मनात काही शंका उरली नव्हती.

“माणूस बरा हाय का?”

“बरा आहे. चहा मागत होता.”

“बरं. तिकीट रद्द कर.”

“काय?”

“रद्द कर म्हणलं! ह्या पोरीबाळीला तुझ्या भरवशावर सोडून जाऊ व्हय मी? आज शेजारी वाचला. उद्या कोण?”

“पापा,” गार्गी स्वयंपाकघरातून ओरडली, “एक लड्डू नीचे गिरा था। कॉकरोच आया, सूँघा और चला गया!”

दुसऱ्या दिवसापासून आईचा कारभार सुरू झाला. फ्रिज पुढे ओढून मागचं सगळं खरडून काढलं. झोपण्याआधी ओटा आणि मोरी कोरडी ठणठणीत. खरकटं भांडं एकही नाही. मोरीच्या भोकावर जाळी, जाळीवर दगड. पाइप जिथून आत येतो ती फट सिमेंटने बुजवली. (सिमेंट कालवायला मला बोलावलं, पण कुणीतरी सतत माझ्यावर नजर ठेवून होतं.) महिनाभरात झुरळं दिसेनाशी झाली. उंदरानेही पाइपची वाट सोडली.

यंदाच्या संक्रांतीला तिवारींकडे ताट पाठवलं. आंटींनी दाराची साखळी न काढताच फटीतून विचारलं, “माताजी ने बनाए हैं न? भाई साहब ने हाथ तो नहीं लगाया?” गार्गीने आजीची शपथ घेतली, तेव्हा कुठे साखळी निघाली.

आई आता कायमची लखनऊलाच राहते. माझ्या शिक्षणाला जे जमलं नाही, ते माझ्या हातच्या एकवीस लाडवांनी केलं.