एस्तेरमावशीची पांढरी शेवंती

एस्तेरमावशी आजाऱ्याच्या घरात पाऊल टाकत नसे. आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी अंथरुणाला खिळलं की बायका मोसंबी घेऊन आळीपाळीने भेटायला जात, पाळकसाहेब जाऊन प्रार्थना करत, चहा घेत. मावशी मात्र कुंपणाशीच थांबायची. पदर तोंडाशी धरून रस्त्यावरूनच विचारायची, "कसं हाय आता?" आतून "बरं आहे" असं उत्तर आलं की हायसं वाटून चालू लागायची. "तसंच आहे" असं आलं, तर मागं मागं सरकायची आणि घरी जाऊन कडी घालायची.

याला कारण होतं. मंडळीत मयत झालं की शवपेटीवर ठेवायचा फुलांचा क्रूस मावशी करायची. बांबूच्या कामट्या आडव्या-उभ्या बांधायच्या, त्यांवर सुतळीने पेंढा गुंडाळायचा आणि त्यात पांढरी शेवंती एकेक करून दाटीने बसवायची. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा तिने स्वतःच्या अंगणातल्या फुलांचा क्रूस केला, तो लोकांना आवडला, आणि मग ती तिचीच जबाबदारी होऊन बसली. मुलींच्या वसतिगृहात आयुष्यभर स्वयंपाक केलेली बाई, निवृत्त होऊन शहराबाहेर सावेडीत दोन खोल्या बांधून राहिली होती, आमच्या शेजारी. तेव्हा सावेडीत घरांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते आणि वारा नुसता पिसाळल्यासारखा यायचा. खाली मुरूम. तिने कर्जतजवळच्या आपल्या गावाहून टेम्पोत घालून काळी माती आणवली होती. ती पोती उतरवताना हमाल चिडून म्हणाला होता, की बाई, सोनं आणलंय का काय.

एकदा मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ आजारी होते. मावशी आपल्या बागेतली लिंबं घेऊन भल्या मनाने भेटायला गेली. तिला दारात पाहताच त्यांची बायको म्हणाली, "अजून श्वास चाललाय त्यांचा. माप घ्यायला आलात का?" दुर्दैवाने गृहस्थ त्याच संध्याकाळी गेले. त्या दिवसापासून मावशीने आजाऱ्याचं घर वर्ज्य केलं. लोकही काही कमी नव्हते. घरात कुणाचं दुखणं वाढलं की नातेवाईक जाता-येता तिच्या वाफ्यांकडे बघून घेत, फुलं आहेत की नाहीत ते.

अशी बाई स्वतः काळजाने घट्ट असेल असं कुणालाही वाटावं. पण मावशीइतकं भित्रं माणूस मी पाहिलेलं नाही. ती विजेला भ्यायची, तारवाल्याला भ्यायची, समोरच्या दुकानातल्या फोनची घंटा वाजली तरी खुरपं हातात धरून उभी राहायची. चर्चची घंटा अवेळी वाजली की खाली बसायची. संध्याकाळी आमच्याकडे बायबल वाचायला आली की निघताना आईला बजावायची, "देवावर इस्वास हाय गं माजा, पन कडीबी घाल." तिचे ऋतूही भीतीवरून ठरलेले असत. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येई, तेही जाईल याची भीती. पावसाळ्यात मुळं कुजतील याची. थंडी पडली की शेवंतीवर माव्याची कीड पडेल याची. मी एकदा म्हटलं, मावशी, एवढा घोर लागतो तर बाग करताच कशाला? तिने झारीतलं सगळं पाणी घातलं. मग म्हणाली, "भ्या वाटलं की मी मातीत हात घालते. माती म्हनत न्हाई, भिऊ नगं म्हनून. ती आपली गप ऱ्हाती."

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मंडळीच्या तरुण संघात भलतीच पुढे पुढे करत होते. एका रविवारी मी उभी राहून छोटं भाषण ठोकलं, की खरा विश्वास असला म्हणजे भीतीला मनात जागाच उरत नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. बाहेर चपला घालताना मावशी जवळ आली. "लई छान बोललीस पोरी. पन क्रुसावर जायच्या आदल्या राती गेथशेमानेत येशूबी भ्याला हुता का न्हाई? अन् ती बी बागच हुती." मी हसले आणि सायकल काढली. माझ्यावर तोवर काही गुदरलंच नव्हतं, तेव्हा हसायला काय जात होतं.

त्या वर्षी परतीचा पाऊस लवकर आटपला आणि ऑक्टोबरचं ऊन डोक्यात जाऊ लागलं. आईचं पोट दुखायचं, ती शाळेत शिकवताना खुर्चीचा आधार घ्यायची, घरी कुणाला सांगायची नाही. शेवटी पप्पांनी तिला जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ काढली आणि तपासायला पुण्याला पाठवली. ती साधी आहे की कॅन्सरची, हे तिथून कळणार होतं. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस लागतील, तोवर बाईंना घरी घेऊन जा.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. भीती एकदम मोठी अशी येत नाही, हे मला तेव्हा कळलं. ती कणीक मळताना येते. कुकरची शिट्टी झाली की दचकायचं, आई कूस बदलताना कण्हली की हातातलं भांडं तसंच धरून उभं राहायचं. पप्पा एसटीत कंडक्टर होते, रजा संपली तसे लांबच्या गाडीवर गेले. मी प्रार्थनेला बसायचे आणि डोळे मिटले की मला फक्त मावशीच्या अंगणातला तो पांढऱ्या शेवंतीचा वाफा दिसायचा. कळ्या धरल्या होत्या. ऑपरेशनच्या आधी मीच त्या पाहिल्या होत्या, वाटाण्याएवढ्या, देठादेठाला. त्या कधी उमलतील याचा हिशेब माझं मन माझ्या परवानगीशिवाय करत होतं. मावशीही आमच्या कुंपणाशी येऊन उभी राहायची आणि न विचारताच परत जायची.

एके दिवशी सकाळी दूध घेऊन येताना मी पाहिलं, मावशी त्या वाफ्यात वाकून कात्री चालवत होती. मला वाटलं, हिला काहीतरी कळलंय. हिने सुरुवात केली. मी दुधाचं पातेलं तिच्या कट्ट्यावर ठेवलं आणि विचारलं, "कुणासाठी तोडताय?" मावशीने वर पाहिलं. तिच्या ओच्यात फुलं नव्हती. हिरव्या, मिटलेल्या कळ्या होत्या, ओचाभर. वाफ्यात एकही कळी शिल्लक नव्हती.

"फूलच नगं यायला," ती म्हणाली. "फूल न्हाई तर क्रूस न्हाई. क्रूस न्हाई तर..." तिने ओचा घट्ट आवळून धरला. येशूवर भरवसा ठेवणाऱ्या बाईने असलं काही करावं याची तिला लाजही वाटत होती, कारण ती लगेच म्हणाली, "पाळकसायबांना सांगू नगंस हां." मी तिच्या गळ्यात पडून रडले. ऑपरेशन झाल्यापासून मी पहिल्यांदाच रडत होते.

पण शेवंतीला हे कसं ठाऊक असणार? आठवडाभरात खुडलेल्या प्रत्येक देठाच्या बगलेतून दोन-दोन फुटवे निघाले आणि त्यांना बारीक कळ्या दिसू लागल्या. ज्या बाईने सारा जन्म शेंडे खुडून शेवंती दाट केली, तिला भीतीच्या भरात एवढंही आठवलं नव्हतं, की खुडलं की ती दुपटीने येते. मावशी कपाळाला हात लावून वाफ्याशी बसली होती. "मीच केलं गं," एवढंच म्हणत होती. आणि मला सांगायला संकोच वाटतो, पण मीही त्या फुटव्यांकडे बघून गर्भगळीत झाले. पुण्याहून अजून काही कळलं नव्हतं.

घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. सगळी भली माणसं. सगळे आईला सांगत, घाबरू नका, विश्वास ठेवा. आई मान हलवायची, त्यांना चहा दे म्हणून मला खुणावायची. ते गेले की भिंतीकडे तोंड करून पडायची. एका दुपारी ती मला म्हणाली, "एस्तेरअक्कांना बोलाव."

मी म्हटलं, त्या कुणाच्या आजारपणात येत नाहीत, तुला माहीत आहे.

"म्हणूनच बोलाव. बाकीच्यांपुढे मला धीराचं तोंड करावं लागतं. त्यांच्यापुढे नाही."

मावशीला आणणं सोपं गेलं नाही. ती आधी नको म्हणाली, मग रडली, मग हातपाय धुऊन चर्चची साडी नेसली, मग मयतालाही तीच असते, अवलक्षणी दिसेल म्हणून बदलून रोजची नेसली. आमच्या उंबऱ्याशी आल्यावर तिने चौकट धरली. हातात काही नव्हतं, लिंबूसुद्धा नाही. आतून आई म्हणाली, "या अक्का. मी लई भ्याले हो." शाळेत शुद्ध बोलणारी माझी आई एकदम आपल्या माहेरचं बोलली.

मावशी आत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि आईचा हात धरून म्हणाली, "मी बी."

बस्स, एवढंच. आई रडली, मोकळी रडली, आणि मावशी तिला गप हो असं म्हणाली नाही. मग मावशीने भीत भीत शेवंतीचा गुन्हा कबूल केला. कळ्या कशा खुडल्या, फुटवे कसे आले, सगळं. आई ऐकत होती आणि एकदम तिला हसू फुटलं. टाके दुखायला लागले तशी पोटावर उशी दाबून हसत राहिली. "म्हंजे माझ्यासाठी डबल क्रूस का अक्का?" मावशी आधी घाबरून बघत राहिली आणि मग तीही पदरात तोंड घालून हसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला अजून भीती वाटतच होती, पण घरात कुणीतरी माझ्याएवढंच भ्यालेलं आहे, याने श्वास जरा खोल जात होता. मावशी निघाली तेव्हा आईने तिला सांगितलं, आता खुडू नका, नाताळला ती फुलं चर्चमध्ये लावा, मी असले तरी आणि नसले तरी.

पुण्याहून निदान आल्याचं कळलं तेव्हा पप्पा गाडीवर होते. आईला उठवत नव्हतं. मी रिक्षा बोलावून एकटीच निघाले, तर आत मावशी आधीच बसलेली. सगळ्या वाटेत ती समोरचा दांडा धरून होती आणि ओठ हलत होते. दवाखान्याच्या वासाने तिचा चेहरा पांढराफटक पडला, तरी माझ्या मागोमाग डॉक्टरांच्या खोलीत आली. डॉक्टर तरुण होते, दुसऱ्या कुणाच्या तरी सलाइनबद्दल नर्सशी बोलत होते. ते बोलणं संपेपर्यंत मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट बघत राहिले. मग ते म्हणाले, गाठ साधी होती, कॅन्सर नाही, टाके वाळले की आईंना शाळेत जायला हरकत नाही.

मला ते ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. मावशीने डॉक्टरांना विचारलं, "म्हंजी ती ऱ्हाती?"

"राहतात की आजी," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर मावशी बसली ती उठेना. तिला कापरं भरलं होतं, दात वाजत होते, एवढ्या उकाड्यात. मी हसत होते, रडत होते, तिला उठवत होते. मी म्हटलं, मावशी, आता कशाला भिता, संपलं ना सगळं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच लहान आहे. "संपलं कुठं पोरी? गेली असती म्हंजी संपलं असतं. आता हाय म्हनल्यावर रोजचंच भ्या आलं की."

नाताळात चर्च त्या दुप्पट शेवंतीने पांढरंशुभ्र झालं होतं. आई पुढच्या बाकावर बसून गायली. त्यानंतर काही वर्षांनी, उन्हाळ्यात, मावशी कर्जतला लेकीकडे गेली आणि तिथेच वारली. लेक सांगत होती, शेवटपर्यंत भ्या वाटतंय म्हणत होती आणि हात सोडत नव्हती. पाळकसाहेबांनी मात्र आमच्या चर्चमधल्या प्रवचनात सांगितलं, की आपल्या या भगिनी निर्भय विश्वासाच्या होत्या. ते ऐकून आई रडता रडता हसली आणि बाकाखाली तिने माझा हात घट्ट दाबला.

आई आता म्हातारी झाली आहे. सकाळी दूध आणायला गेली आणि वेळेत परतली नाही, तर मलाही मावशीसारखं रोजचं भ्या वाटतं, मी फाटकाशी जाऊन उभी राहते. ते भ्या जाऊ दे, अशी प्रार्थना मी करत नाही.