पपनसाची व्हिस्की

मी अपमान विसरत नाही. विसरायला मन मोठं लागतं म्हणतात. माझं बेताचं आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

साठ साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. माझे यजमान बेंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. आम्ही दोघंही बेळगावकडचे, घरात मराठी आणि फाटकाबाहेर कानडी. यजमानांचे साहेब मात्र पुण्याचे. तिकडे दारूबंदी आणि इथे मोकळीक, त्यामुळे साहेबांच्या बंगल्यावर पार्ट्यांना निमित्त पुरत नसे. यजमानांची बढती त्याच साहेबांच्या हातात होती, म्हणून आम्ही बोलावलं की जायचो.

कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या एका परदेशी माणसानं यजमानांना व्हिस्की सावर शिकवली होती. व्हिस्की, लिंबाचा रस, साखर, बर्फ. तो वर अंड्याचा पांढरा बलकही घालायचा म्हणे, पण आमच्या घरात ते शक्य नव्हतं. यजमान क्वचित, पडदे ओढून, एक पेला घेत. त्यातला घोटभर मलाही मिळे आणि तो मला आवडे, हेही सांगून टाकते.

गणपतीपुढे मी दरवर्षी पपनस ठेवायची. देवनहळ्ळीहून ती बाजारात येत. इथे त्यांना चक्कोता म्हणतात, नारळाएवढं फळ, आतून गुलाबी. विसर्जन झालं की ते कोपऱ्यात पडून राही. एका वर्षी घरात लिंबू नव्हतं, म्हणून मी ते पपनस सोललं. साखरेऐवजी गुळाचा पाक केला, त्यात दालचिनी उकळली. यजमानांनी एक घोट घेतला आणि पेला माझ्यापासून लांब धरला, मी मागीन म्हणून. देवापुढचं फळ दारूत घातलं याची मी देवाकडे माफी मागितली आणि पुढच्या वर्षी दोन पपनसं आणली. भाद्रपद-आश्विनात फळ रसाला येतं, तेवढेच दोन महिने हे पेय. बाकी वर्षभर लिंबावर भागवायचं.

यातली मेख फळातच आहे. पपनसाची प्रत्येक फोड पांढऱ्या पापुद्र्यातून आणि बियांतून सोडवावी लागते, नाहीतर रस कडू होतो. आणि रस काढायचा तो आयत्या वेळी. काढून ठेवला की तासातासाला कडवट होत जातो.

साहेब एकदा आमच्याकडे आले आणि ते पिऊन गेले. लगेच साहेबीणबाईंचा निरोप आला, दसऱ्याला आमच्याकडे पार्टी आहे, तू ये आणि तुझं ते पपनसाचं कर. मी ठेवणीतली साडी नेसून गेले. बाईंनी मला दिवाणखान्यातून सरळ आत नेलं. तिथे टोपलीभर पपनसं ठेवली होती.

संध्याकाळभर मी सोलत राहिले. पेले बाहेर जात होते आणि वाहवा ऐकू येत होती. बाई म्हणत होत्या, "मला आपलं सहज सुचलं हो." मग एक पाहुणी स्वयंपाकघराच्या दारात आली आणि आणखी एक पेला मागू लागली. मी म्हटलं, "स्वल्प थांबा, देतो की." कानडीतलं 'स्वल्प' आणि बाईच्या तोंडी 'देतो' ऐकून ती हसली. बाईही मागून आल्या आणि म्हणाल्या, "आमची स्वयंपाकाची बाई. बेळगावकडची आहे. ऐकलंत ना तिचं मराठी?" त्यांच्या पाठीमागे माझे यजमान उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. हातातला पेला संपवला आणि बाहेर निघून गेले.

घरी त्यांनी विषय काढला नाही. मीही काढला नाही. पण वर्षभर भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना माझ्या डोक्यात तेच चालू होतं. बाई भेटल्या की मी गोड हसायची.

पुढच्या दसऱ्याला दिल्लीचे बडे साहेब येणार होते. बाईंनी मला बोलावून घेतलं. "या वेळी तू पाहुणी म्हणून ये गं. मी स्वतः करणार आहे. फक्त कृती सांग."

मी सांगितली. गूळ किती, दालचिनी किती, व्हिस्की किती, सगळं खरं. मग म्हटलं, "सोलत बसू नका वहिनी. लिंबागत कापायचं आणि पिळायचं. रस सकाळीच काढून फ्रिजात ठेवा, छान मुरतो." केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि कापणाऱ्याला किती बरं वाटतं तेही.

पार्टीत बड्या साहेबांनी मोठा घोट घेतला. तो त्यांना गिळताही येईना आणि थुंकताही येईना. त्यांच्या पत्नीनं रुमाल तोंडाला लावला. कुणीतरी म्हणालं, काढा आहे का हा? मी खुर्चीत बसून एकेक चेहरा पाहत होते. असं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "कृती हिची आहे. आमच्या ज्युनिअर इंजिनिअरची बायको. हिनंच सांगितलं मला."

वर्षभर मला जे चारचौघांत ऐकायचं होतं, ते बाईंनी आत्ता म्हटलं. साहेबांनी माझ्या यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी माझ्याकडे. डोळ्यांनी ते विनवत होते, की नाही म्हण, काहीतरी चूक झाली म्हण. मी पेला उचलला आणि एका दमात संपवला.

"होय," मी म्हटलं, "माझीच कृती."

घरी चालत जाताना यजमानांनी विचारलं. "मुद्दाम केलीस काय?"

"होय की."

"माझ्या बढतीचा विचार नाही आला?"

"आला होता. पण गेल्या वर्षी तुम्ही पाठीमागंच उभे होता. ही माझी बायको, एवढं म्हणायला काय लागत होतं?"

यजमानांची बढती त्यांच्याहून धाकट्या माणसाला मिळाली. पुढे कित्येक दिवस ते कामावरून आले की व्हरांड्यात एकटेच बसत. मी चहा नेऊन ठेवायची आणि आत यायची.