कागदाला इस्त्री

माझा भाऊ रफूवाला. जळलेल्या, फाटलेल्या, कसरीने खाल्लेल्या कपड्यात त्याच कपड्याचे धागे भरून भोक असं बुजवायचा की मालकालाही पत्ता लागू नये. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. अक्कल कोणाला जास्त, हा वाद अजून मिटलेला नाही. दुकान दोघांचं. पुढे काचेजवळ उजेडात त्याची खुर्ची, मागे माझं इस्त्रीचं टेबल. लग्न त्याने केलं नाही, माझं टिकलं नाही. त्यामुळे चाळीस वर्षं आम्ही एकमेकांचं डोकं खात एकाच छपराखाली काढली.

गिऱ्हाइकाच्या हातात कपडा देताना तो एकच शब्द बोलायचा, "शोधा." गिऱ्हाईक कपडा उजेडाला धरायचं, उलटा करायचं, शेवटी हात टेकायचं. दादा गालातल्या गालात हसायचा. पण त्याआधी कपडा माझ्या टेबलावरून गेलेला असायचा, आणि मला रफू सापडायचं. इस्त्री फिरवताना तळहाताला कळतं. "इथे आहे. धागा ताठ राहिलाय," मी म्हणायचे. त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. "तुझ्या जिभेला हाड नाही," असं पुटपुटत तो सगळं उसवून पुन्हा भरायला बसायचा. मी कधी खोटं बोलले नाही, आणि म्हणूनच तो मला विचारायचा.

डावा डोळा कधी गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. बारीक काम करताना डावा मिटूनच घ्यायची सवय. एकदा उजव्यात काहीतरी गेलं म्हणून तो चोळत होता. डाव्याने माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, तुझं तोंड कुठे गेलं?"

मी म्हटलं, "जागेवर आहे आणि चालूच आहे." आम्ही दोघं हसलो. हसलो आम्ही, काय म्हणावं!

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की डावा आता हाती लागणार नाही. उजव्यातही सुरुवात झालीय, पण तो वाचवता येईल. दादा म्हणाला, "तेवढा द्या मला. माझं सगळं त्या एकावरच आहे." मग त्याला कारण हवं होतं. कुठलंही भोक का पडलं हे कळल्याशिवाय तो सुईत धागा ओवत नसे.

बाई बिचाऱ्या समजावून सांगायला लागल्या. डोळ्याच्या आत मागे पडदा असतो. त्याच्याखाली नको तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवतात, नाजूक, गळक्या. एक प्रोटीन त्यांना वाढायला लावतं. पण नुसतं प्रोटीन असून भागत नाही, त्याला धरून ठेवणारी जागा रक्तवाहिनीवर लागते. तिला रिसेप्टर म्हणतात. दोन्ही जुळले की वाढ सुरू.

दादाने खिशातून टिचबटण काढलं आणि दोन भाग टच्कन एकमेकांत बसवले. "असं?"

"अगदी असं!" बाई खूश झाल्या. "आमचं औषध म्हणजे यातल्या खालच्या वाट्या. त्या रिसेप्टरचेच तुकडे, बनवून घेतलेले, सुटे. ते डोळ्यात सोडले की प्रोटीन त्यांच्यातच अडकतं, खऱ्या जागेपर्यंत पोचतच नाही."

"म्हणजे फसवायचं त्याला."

"फसवायचं. पण सुट्या वाट्या काही आठवड्यांत संपतात, प्रोटीन मात्र बनतच राहतं. म्हणून पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. बरं वाटलं तरी."

हे शेवटचे तीन शब्द मी माझ्या या कानांनी ऐकले होते.

डोळ्यात सुई म्हटल्यावर मीच डोळे घट्ट मिटून घेतले. दादा म्हणाला, "आयुष्यभर मी सुई टोचली, आता माझी पाळी." चार महिने, चार सुया. आणि खरंच, पाचव्या महिन्यात तो पुन्हा काळ्यावर काळा धागा भरायला लागला. मी इस्त्री फिरवली आणि मला त्या कोटात काही सापडेना. मी दुसऱ्यांदा फिरवली. "जमलं," मी म्हटलं. माझ्या तोंडून हा शब्द त्याने वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. दिवसभर शीळ घालत होता बेटा.

पाचव्या सुईची तारीख आली आणि हा जागचा हलेना. म्हणाला, "बसलेल्या रफूवर दुसरा टाका घालायचा नाही. कपडा मरतो." त्याच्या उस्तादाने शिकवलेला नियम. कपड्याच्या बाबतीत सोळा आणे खरा. मी त्याचा कान धरून न्यायला हवं होतं. पण मलाही वाटलं, बरं दिसतंय ना, मग कशाला त्या जिवाला टोचायचं? मीसुद्धा म्हटलं, "राहू दे." दवाखान्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा त्याने सांगितलं, "उत्तम आहे, काळजी नको."

बाईंनी एक कागद दिला होता, बारीक चौकटींचा, मधोमध टिंब. रोज डावा झाकून उजव्याने टिंबाकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी यायचं. तो कागद काचेला चिकटवलेला होता.

एका सकाळी दादा म्हणाला, "तुझ्या वाफेने कागद फुगलाय बघ. जरा इस्त्री फिरव."

माझ्यासमोर चादरींचा ढीग. मी करवादले, "एवढंच राहिलं होतं!" आणि फिरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "अजून मध्ये उचललेलाच आहे." मी कागदावर ओलं फडकं घालून दाबला, पालथा करून दाबला. तिसऱ्या दिवशीही दाबला. मला रेघा सरळच दिसत होत्या हो. पहिल्या दिवसापासून सरळ. पण कटकट मिटावी म्हणून मी इस्त्री फिरवत राहिले, आणि रेघ वाकडी कोणाला दिसतेय हे माझ्या डोक्यात आलं नाही. लोकांच्या कपड्यातला एक ताठ धागा हुडकून काढणारी मी!

चौथ्या दिवशी टिंबच नाहीसं झालं. आत रक्त उतरलं होतं. बाईंनी त्याच दिवशी सुई दिली, पुढेही देत राहिल्या. रक्त ओसरलं, पण मधोमध डाग राहिला तो राहिलाच. "अजून थोडं लवकर आला असतात तर..." एवढंच म्हणून त्या थांबल्या. दादाने इस्त्रीबद्दल त्यांना एक अक्षर सांगितलं नाही. मलाही कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आता त्याला कडेकडेचं दिसतं. दार दिसतं, दारातून कोण आलं ते दिसत नाही. माझ्याशी बोलताना तो माझ्या खांद्यापलीकडे बघतो, म्हणजे माझा चेहरा थोडा तरी हाती लागतो म्हणे.

परवा त्याने माझा राखाडी कोट मागितला. कोपरावर भोक होतं. म्हणाला, "बोटांना आठवतं गं." सुयांमध्ये धागा मी ओवून दिला. नऊ दिवस तो काचेजवळ बसून होता. दहाव्या दिवशी दुपारी त्याने कोट माझ्या टेबलावर ठेवला.

"शोध."

शोधायचं काय? आवळलेल्या टाक्यांचा गोळा मला तो खुर्चीवरून उठला तेव्हाच दिसला होता. तरी मी इस्त्री गरम केली. बाही फिरवली, पाठ फिरवली, अस्तर उलटं केलं. बराच वेळ लावला. मग इस्त्री बाजूला ठेवली.

"नाही सापडत, दादा."

त्याने हात पुढे करून बाही चाचपली आणि बोट बरोबर त्या गाठीवर ठेवलं.

"तुला नेहमी सापडायचं," तो म्हणाला.

मग त्याने बोटातलं अंगुस्तान काढलं आणि टेबल चाचपत एकेक सुई डबीत भरायला लागला. एक सुई त्याच्या मनगटाजवळच पडून राहिली. मी ती उचलली आणि माझ्या पदराला टोचून ठेवली.