शंभर टक्के हिरवी वीज

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वीज जवळजवळ फुकटच होती, म्हणून घरोघरी हीटर दिवसभर तापत. फोरमन त्र्यंबक अंबुलकरांचं क्वार्टर तेवढं अंधारं. कोळशाच्या वीजघरात टर्बाइन बसवायला गेले असताना त्यांनी राखेने बुजलेल्या विहिरी पाहिल्या होत्या. तेव्हापासून दिव्याखेरीज विजेवर चालणारं काही घरात आणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि त्यांच्या पत्नीने, विमलताईंनी, सगळं वाटण पाट्यावर वाटलं. तीस वर्षं. आता विमलताईंचा उजवा हात खांद्यातून वर होत नव्हता.

निवृत्तीनंतर टाउनशिपबाहेर, अवधपुरीत घर केलं, तेव्हा एका वीजकंपनीचा माणूस शंभर टक्के हिरव्या, म्हणजे कोळसा न जाळता ऊन-वाऱ्यावर बनवलेल्या विजेचा कागद देऊन गेला. अंबुलकरांनी तो देवापुढे ठेवला आणि स्वतः जाऊन मिक्सर आणला. "आता खुशाल लाव," म्हणाले.

महिन्याभराने दोघं दशम्या बांधून कंपनीच्या मिसरोदच्या ऑफिसात गेले. आपली वीज बनते ती जागा एकदा डोळ्यांनी पाहायची होती.

"अंकल, ऐसी कोई जगह नहीं है," तिथला माणूस हसला. "बिजली तो वही कोयलेवाली. हम बस कहीं और बनी हरी बिजली के सर्टिफिकेट खरीदते हैं."

दोघं घरी आले. विमलताई दाण्यांची वाटी घेऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

"अहो, चटणी करायचीय. मिक्सर लावू की नको?"

अंबुलकरांना 'लाव' म्हणवेना, आणि 'नको' म्हणायला तोंड उरलं नव्हतं. विमलताईंनी दाणे परत डब्यात ओतले.

"राहू द्या. वरणभातावर भागेल. चटण्या खायचे दिवस तरी किती उरलेत आता."